लेन्स घेताय? आधी नळाबद्दल बोलू

दर दोन-चार महिन्यांनी ऑफिसात कोणीतरी माझ्या डेस्कपाशी येऊन घुटमळतं. "ऐक ना, तू लेन्स वापरतोस ना? मी पण घेतोय. काही टिप्स?" कारणं ठरलेली. कोणाचं लग्न ठरलेलं असतं, कोणाला हेल्मेटमध्ये चष्मा कोंबायचा वैताग आलेला असतो, तर कोणाला पावसात वायपर नसलेल्या दोन काचांमधून गाडी चालवायचा. मी सोळा वर्षं लेन्स वापरतोय, नंबर मायनस सहा. त्यामुळे आमच्या फ्लोअरवर मी या विषयाचा अनधिकृत हेल्पडेस्क आहे.

प्रश्नही ठरलेलेच. डोळ्यात बोट घालताना दुखत नाही का? लेन्स डोळ्याच्या मागे गेली तर? आतच फुटली तर? पण सोळा वर्षांत एकानेही मला विचारलेलं नाही, की लेन्स घालून अंघोळ केली तर चालते का. मला गंमत (आणि काळजीही) इथेच वाटते. लोक ज्याला घाबरतात त्यातलं जवळपास काहीच होत नाही. आणि जे होतं ते दिसायला इतकं साधं, इतकं घरगुती असतं की त्याला घाबरायचं कोणाला सुचतच नाही. म्हणून या शनिवारी बसून सगळं एकदाच लिहून काढतो. पुढच्या वेळी कोणी आलं की हेच वाचायला देईन.

आधी त्या नेहमीच्या भीत्या निकालात काढू. लेन्स डोळ्याच्या मागे जात नाही, कारण तिथे जायला रस्ताच नाही. पापणीच्या आतल्या बाजूला जो पातळ पडदा असतो तोच पुढे वळून डोळ्याच्या पांढऱ्या भागावर येतो. शर्टाच्या खिशासारखा प्रकार, तळाशी शिवलेला. खिशात टाकलेलं नाणं पाठीकडून बाहेर पडत नाही, तसंच हे. फार तर काय होईल, डोळा चोळल्यावर लेन्स दुमडून वरच्या पापणीखाली जाऊन बसेल. तेव्हा नखाने उकरत बसायचं नाही. लेन्सवर चालणारे ओलाव्याचे थेंब टाकायचे, डोळा मिटून पापणीवरून हलकेच बोट फिरवायचं, मग खाली बघत वरची पापणी उचलायची. येते. (अर्ध्या वेळा ती डोळ्यात नसतेच, गालावर नाहीतर बेसिनच्या कडेला चिकटलेली असते.) सॉफ्ट लेन्स फुटतही नाही, फाटते. फाटलेली टोचायला लागते आणि लगेच कळतं. ती टाकून द्यायची, "आजचा दिवस निघेल" असलं काही करायचं नाही.

बोटाचं म्हणाल तर, बोट डोळ्याला लागतच नाही, लेन्स लागते. पहिल्या दिवशी सगळ्यांना अर्धा-पाऊण तास लागतो, आठवड्यात तो दोन मिनिटांवर येतो. सगळी लढाई पापण्यांची असते. काहीही जवळ आलं की डोळा मिटणं हे त्यांचं कामच, त्यांना दोष कसा देणार? दुसऱ्या हाताच्या बोटाने वरची पापणी अगदी केसांच्या मुळाशी पकडा. मध्येच पकडली तर ती सुटून फडफडणारच. लेन्सवाल्या हाताच्या मधल्या बोटाने खालची पापणी ओढा, लेन्स ठेवा, सावकाश खाली बघा, मिटा. झालं. नेहमी उजव्या डोळ्यापासून सुरुवात करा म्हणजे डावी-उजवी अदलाबदल होत नाही. लेन्स सुलट आहे की उलट हे बघायला ती बोटाच्या टोकावर ठेवून डोळ्यासमोर आडवी धरा. कडा वाटीसारख्या सरळ वर गेल्या असतील तर सुलट, बशीसारख्या बाहेर पसरल्या असतील तर उलट. उलटी घातली तर डोळा जात नाही, पण दिवसभर पापणीत काहीतरी अडकल्यासारखं वाटत राहतं.

आणि एक खास आपल्याकडची टीप. मिरच्या चिरल्या असतील, ठेचा कुटला असेल, तर साबणाने दोनदा हात धुऊनही तिखट बोटांच्या पेरांत राहतंच. रात्री लेन्स काढताना त्याचा साक्षात्कार होतो. स्वयंपाकाची पाळी आपली असेल त्या दिवशी लेन्स आधी काढा, चष्मा लावा, मग ओट्यापाशी जा.

थोडंसं नंबराबद्दल, कारण इथे लोक हमखास दुकानदाराशी भांडतात. "माझा नंबर मायनस सहा आहे, तुम्ही साडेपाचची लेन्स कशी दिलीत?" बरोबरच दिली आहे. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर लांब असते, लेन्स थेट डोळ्यावर. अंतर बदललं की लागणारी पॉवर बदलते. मायनस सहाला हिशोब केला तर ५.६ च्या जवळपास येतं, आणि लेन्स पाव-अर्ध्याच्या टप्प्यांत मिळतात म्हणून साडेपाच. चारच्या आतल्या नंबरांना हा फरक इतका किरकोळ असतो की तो धरत नाहीत. खोक्यावर पॉवरशिवाय आणखी दोन आकडे असतात, एक लेन्सच्या वळणाचा (८.६ वगैरे) आणि एक व्यासाचा (१४.२ वगैरे). हे आकडे तुमच्या डोळ्याला जुळावे लागतात, आणि आकडे तेच असले तरी दोन कंपन्यांच्या लेन्सेस डोळ्यावर सारख्या बसतातच असं नाही. म्हणून पहिल्यांदा डॉक्टरकडे किंवा ऑप्टोमेट्रिस्टकडे जाऊन फिटिंग बघून घ्या. घातल्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी ते मशीनखाली लेन्स हलते किती, बसते कुठे ते बघतात. चष्म्याच्या नंबरावरून सेलमध्ये ऑनलाइन मागवणं म्हणजे मित्राच्या मापाचे बूट घालून ट्रेकला जाणं.

मी पहिल्यांदा लेन्स घातल्या तेव्हा आजी म्हणाली होती, "डोळ्यात काच घालतोस? शहाणा आहेस की कोण?" तेव्हा हसलो होतो, पण इतिहास चाळला तर आजीचं अगदीच चूक नव्हतं. १८८८ साली झुरिकमध्ये आडोल्फ फिक नावाच्या डॉक्टरने ज्या लेन्सबद्दल लिहिलं ती खरोखर फुंकून बनवलेल्या काचेची होती, पांढऱ्या भागासकट अख्खा पुढचा डोळा झाकणारी. आधी सशांवर प्रयोग, मग स्वतःवर. तासा-दोन तासांपेक्षा जास्त वेळ ती कोणाला सहन होत नसे. १९४० च्या दशकाअखेरीस छोट्या, कडक प्लॅस्टिकच्या लेन्सेस आल्या. त्या बऱ्या होत्या, पण सवय व्हायला आठवडे लागायचे.

आज आपण घालतो ती मऊ लेन्स मात्र एका स्वयंपाकघरात जन्माला आली आहे, आणि कुठल्याही इंजिनिअरला आवडेल अशीच ती गोष्ट आहे. प्रागमधला ओटो विख्टर्ले हा रसायनशास्त्रज्ञ. त्याने आणि द्राहोस्लाव लीम या सहकाऱ्याने पाणी शोषून मऊ होणारं एक प्लॅस्टिक शोधलं होतं. पदार्थ डोळ्याला मानवणारा होता, पण त्याच्या लेन्सेस नीट बनेनात. साच्यातून काढताना कडा फाटायच्या. वरून पाठिंबा मिळेना, तेव्हा १९६१ च्या नाताळात या माणसाने घरच्या टेबलावर स्वतःच यंत्र जुळवलं. मेर्कुर नावाचा मुलांचा बांधकामाचा खेळ मिळायचा (आपल्याकडच्या मेकॅनोसारखा), तो घेतला, सायकलचा डायनॅमो लावला, दाराच्या घंटीचा ट्रान्सफॉर्मर लावला. गोल फिरणाऱ्या साच्यात थेंब टाकायचा, फिरता फिरताच तो पसरून लेन्सच्या आकारात घट्ट व्हायचा. नाताळच्या दुपारी पहिल्या चार लेन्सेस निघाल्या. पुढच्या चार महिन्यांत त्याने आणि त्याच्या बायकोने, लिंडाने, मिळून घरात साडेपाच हजार लेन्सेस काढल्या. आपण प्रोटोटाइप प्रोटोटाइप म्हणतो तो हा! पुढे ते हक्क अमेरिकेत विकले गेले आणि १९७१ साली तिथे बॉश अँड लोम्बच्या सॉफ्ट लेन्सला सरकारी परवानगी मिळाली.

ही गोष्ट रंगवून सांगितली कारण सगळा मुद्दा त्या पदार्थात आहे. तो पाणी शोषतो. तुमच्या सॉफ्ट लेन्सचा एक तृतीयांश ते निम्म्याहून जास्त भाग पाणीच असतो. म्हणजे ती काच नाही, स्पंज आहे. पारदर्शक, सुबक, पण स्पंजच. आणि स्पंज ज्या पाण्यात बुडवाल ते पाणी, आणि त्या पाण्यात जे काही पोहत असेल ते, स्वतःसोबत घेऊन येतो.

आता नळाकडे येऊ.

अकँथअमीबा नावाचा एक एकपेशीय जीव आहे. माती, तळी, पोहण्याचा तलाव, नळाचं पाणी, सगळीकडे असतो. तुमच्या-माझ्या पोटात रोज जात असेल, काहीही होत नाही. डोळ्यावर नुसता उडाला तरी सहसा काही होत नाही, अश्रूंनी वाहून जातो. पण लेन्सला चिकटून तासन्‌तास डोळ्यावर बसायला मिळालं, आणि लेन्सच्या घासण्याने कॉर्नियावर (म्हणजे बुबुळासमोरच्या पारदर्शक पडद्यावर) बारीक ओरखडा असला, की तो आत शिरतो. वरून त्याची एक सवय वाईट. परिस्थिती प्रतिकूल झाली की तो दोन भिंतींचं कवच करून आत बसून राहतो. पिण्याच्या पाण्यात असतं तेवढ्या क्लोरीनला ते कवच जुमानत नाही. म्हणून उपचार लांबतात. सुरुवातीला दिवसरात्र तासातासाला थेंब, मग कित्येक महिने औषध. वेदना तर अशा, की बाहेरून दिसणाऱ्या डोळ्याशी त्यांचा मेळ बसत नाही. काहींना शेवटी कॉर्निया बदलावा लागतो. आजार दुर्मिळ आहे, हे खरं. पण अमेरिकेत तो ज्यांना होतो त्यातले सुमारे ८५ टक्के लोक लेन्स वापरणारे असतात.

१९८० च्या दशकात तिथे या आजाराची संख्या अचानक वाढली. शोध घेतल्यावर कळलं, की बरेच रुग्ण मिठाच्या गोळ्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून घरीच सलाईन बनवत होते. डिस्टिल्ड! आपण ज्याला शुद्ध म्हणून बॅटरीत घालतो ते. शुद्ध असणं आणि निर्जंतुक असणं वेगळं. ब्रिटनमध्ये हा आजार जास्त दिसायचा, आणि त्यासाठी ज्याच्याकडे बोट दाखवलं गेलं ती गोष्ट ऐकून मी आमच्या बिल्डिंगच्या गच्चीकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. घराच्या माळ्यावरच्या पाण्याच्या टाक्या. नगरपालिकेचं पाणी बरं असतं, ते टाकीत साठून राहतं, तळाला गाळ बसतो, आणि मग ते नळाला येतं. पुण्या-मुंबईत टाकीशिवाय नळ कोणाकडे आहे, सांगा!

आणि तरीही, मी पहिली लेन्स जिथून घेतली त्या दुकानातल्या मुलाने मला काय सांगितलं होतं माहितीये? "सोल्युशन संपलं तर एखाद् दिवस फिल्टरचं पाणी चालतं, सर." चांगल्या मनाने सांगितलं बिचाऱ्याने. दहा मिनिटांत लेन्स घालायला शिकवली, काढायला शिकवली, वर एक सोल्युशनची बाटली फुकट दिली. मी तेव्हाच डॉक्टरांना विचारून घेतलं म्हणून ते पाणी माझ्या लेन्सला कधी लागलं नाही. पण त्याच दिवशी त्याच काउंटरवर आणखी किती जणांना ते ऐकवलं गेलं असेल? फिल्टरचं, उकळलेलं, बाटलीबंद, कुठलंच पाणी चालत नाही. थुंकी तर नाहीच नाही. (ट्रेकवर धुळीने हैराण झालेल्या माणसाला लेन्स काढून तोंडात घालताना मी स्वतः पाहिलं आहे. पुन्हा डोळ्यात घातली त्याने!) हात धुवा, पण धुतल्यावर पूर्ण कोरडे करा, मगच लेन्सला हात लावा. लेन्स काढून मग अंघोळ. लेन्स काढून मग पोहणं, नंबरचे पोहण्याचे गॉगल मिळतात. लोणावळ्याच्या धबधब्याखाली उभं राहायचं असेल, रंगपंचमीला पिचकारी खायची असेल, त्या दिवशी जुना चष्मा. मोटरसायकलवर पावसात भिजलात तर काचा खाली ठेवा आणि घरी पोचल्यावर पहिलं काम लेन्स काढायचं. रोज फेकायची असेल तर फेका, महिन्याची असेल तर नीट चोळून रात्रभर सोल्युशनमध्ये.

पाण्यानंतर झोप. इथे माझं बोलणं जरा लांबेल.

शरीराच्या बाकी भागांना ऑक्सिजन रक्तातून मिळतो. कॉर्नियात रक्तवाहिन्या नाहीत, असत्या तर आरपार दिसलं नसतं. म्हणून तो बराचसा ऑक्सिजन सरळ हवेतून घेतो. डोळा मिटला की हवा बंद, मग पापणीच्या आतल्या रक्तवाहिन्यांकडून जेमतेम एक तृतीयांश मिळतो. निरोगी डोळा रात्रभर तेवढ्यावर भागवतो. पण मध्ये लेन्स असेल तर तेही अडतं, कॉर्निया सुजतो, वरचा थर कमजोर होतो. शिवाय डोळा उघडा असताना आपण पापण्या मिटतो-उघडतो, लेन्सखालचे अश्रू बदलत राहतात, कचरा निघून जातो. झोपेत हे सगळं थांबतं. जंतूंना याहून चांगलं काय हवं?

आकडे बघा. १९८९ साली अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागात मोजलं तेव्हा रोज रात्री लेन्स काढणाऱ्यांत कॉर्नियाला जखम होण्याचं प्रमाण वर्षाला दहा हजारांत ४.१ होतं, रात्रभर ठेवायच्या लेन्सवाल्यांत २०.९. पुढे १९९० च्या दशकाअखेरीस सिलिकॉन हायड्रोजेलच्या लेन्सेस आल्या, ज्यांतून ऑक्सिजन कितीतरी पटींनी जास्त जातो. सगळ्यांना वाटलं प्रश्न सुटला. २००८ साली ऑस्ट्रेलियातला मोठा अभ्यास आला. रात्री जुनी सॉफ्ट लेन्स घालून झोपणाऱ्यांत इन्फेक्शनचं प्रमाण दहा हजारांत १९.५, नवी सिलिकॉनवाली घालून झोपणाऱ्यांत २५.४. म्हणजे सुधारणा शून्य. ऑक्सिजन एवढंच कारण नव्हतं. तेव्हा खोक्यावर "रात्रीही चालेल" असं लिहिलं असलं तरी माझं मत स्पष्ट आहे. परवानगी आहे म्हणून करायलाच पाहिजे असं नाही.

दहा हजारांत वीस म्हणजे काहीच नाही, असं वाटतं ना? माझा कॉलेजातला रूममेट त्या वीसातला. भावाच्या लग्नाला पुण्याहून नागपूरला रात्रीच्या स्लीपर बसने निघाला. दिवसभर ऑफिस, तिथून थेट बस, लेन्स सकाळपासून डोळ्यात. बसमध्ये दिवे बंद, बेसिन नाही, डबी बॅगेत आणि बॅग डिकीत. झोपला. सकाळी उतरला तेव्हा उजवा डोळा लाल आणि टोचत होता. घरात पाहुणे, हळद, धावपळ. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून "लालीवरचे" थेंब आणले, संध्याकाळी फोटोसाठी लेन्स पुन्हा घातली. त्या थेंबांत स्टिरॉईड होतं. स्टिरॉईडने लाली कमी दिसते, पण तेच जंतूंशी लढणाऱ्या शरीराचे हात बांधतं. रात्री दोन वाजता डोळा उघडेना. सकाळी वऱ्हाड एका दिशेला आणि हा काकांच्या स्कूटरवर हॉस्पिटलकडे. स्युडोमोनास नावाचा जिवाणू निघाला. लेन्सवाल्यांत तो नेहमी सापडणाऱ्यांपैकी आहे आणि एक-दोन दिवसांत कॉर्निया विरघळवू शकतो. डोळा वाचला. डॉक्टरांनी वाचवला असंच म्हणायला हवं. पण बरोबर मध्यभागी पांढरा व्रण राहिला. त्या डोळ्याने आता धुक्यातून बघितल्यासारखं दिसतं, चष्मा लावूनही.

तो आमच्या टीमचा स्लिपमधला खेळाडू होता. एका डोळ्याने चेंडूचं अंतर कळत नाही. आता रविवारी तो अंपायरिंग करतो, आणि एलबीडब्ल्यू द्यायची वेळ आली की आम्ही सगळे त्याला छळतो. तोही हसतो. पण परवा म्हणाला, "मला दुकानात एवढंच कोणीतरी सांगायला हवं होतं रे, की झोपायचं नाही. लेन्स डोळ्यामागे जात नाही हे तीन वेळा सांगितलं त्यांनी."

म्हणून साधा उपाय. डबी, प्रवासाची छोटी सोल्युशनची बाटली आणि चष्मा, या तीन वस्तू पाठीवरच्या बॅगेत, डिकीत जाणाऱ्या बॅगेत नाही. रात्रीच्या बसला मुळात चष्म्यावरच बसा. विमानातही तेच, तिथली हवा फार कोरडी असते. दुपारी सोफ्यावरची अर्ध्या तासाची डुलकीसुद्धा झोपच धरायची.

आता सोल्युशन आणि डबी. २००५-०६ मध्ये सिंगापूर, हाँगकाँग आणि अमेरिकेत लेन्सवाल्यांत फ्युझेरियम नावाच्या बुरशीची साथ आली. अमेरिकेत १६४ जण नक्की झाले. धागा बॉश अँड लोम्बच्या मॉइश्चरलॉक या सोल्युशनपर्यंत पोचला आणि मे २००६ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं. मला यात सगळ्यात बोलका वाटणारा भाग असा, की कारखान्यात बुरशी सापडली नाही, न उघडलेल्या बाटल्यांतही नाही. म्हणजे बाटली बंद होती तोवर ठीक होतं, आणि पुढचं जे काही झालं ते घरोघरच्या बेसिनपाशी, डबीत झालं. तेव्हा डबीतलं कालचं सोल्युशन ओतून टाकायचं, रोज. त्यात नवीन चार थेंब भर घालून काटकसर करायची नाही. कालच्या आमटीत आज पाणी घालून वाढवतात तसा हा प्रकार. बाटलीवर "चोळायची गरज नाही" असं छापलेलं असलं तरी तळहातावर ठेवून बोटाने हलकेच चोळा, जंतू सैल होतात ते चोळण्यानेच. डबी सोल्युशननेच धुवा, टिश्यूने पुसा, झाकणं काढून उपडी वाळवा, आणि दर तीन महिन्यांनी नवी घ्या. नुसतं सलाईन म्हणजे सोल्युशन नाही, त्याने जंतू मरत नाहीत. हायड्रोजन पेरॉक्साइडवालं सोल्युशन उत्तम काम करतं, पण ते त्याच्या खास डबीत सहा तास निवल्याशिवाय डोळ्याजवळ न्यायचं नाही. नाहीतर डोळ्यात निखारा पडल्यासारखं होतं.

या सगळ्याचा कंटाळा येणारच असेल, तर मुकाट्याने रोज फेकायच्या लेन्सेस घ्या. महाग पडतात, पण डबी नाही, सोल्युशन नाही, जुनं काही साठत नाही. आठवड्यात दोन-तीनदाच घालणाऱ्याला तर त्याच परवडतात. कारण महिन्याची लेन्स उघडल्यापासून महिनाभरच चालते, तुम्ही ती चार वेळा घातली की तीस वेळा याच्याशी तिला देणंघेणं नसतं. पाण्याचा आणि झोपेचा नियम मात्र रोजच्या लेन्सलाही तसाच लागू.

आपल्या धंद्याला लागणारी एक गोष्ट. माणूस एरवी मिनिटाला पंधराएक वेळा पापण्या मिटतो. स्क्रीनकडे टक लावली की हे निम्म्याहूनही खाली येतं, वर एसीची हवा. संध्याकाळी पाच वाजता लेन्स डोळ्याला चिकटल्यासारखी वाटते ती यामुळे. त्यात लेन्सचा दोष कमी, आपल्या प्रॉडक्शन इश्श्यूचा जास्त. एसीच्या झोताखालची जागा बदलून मागा, लेन्सवर चालतात असे ओलाव्याचे थेंब ठेवा, आणि घरून काम असेल त्या दिवशी सरळ चष्मा लावा. काजळ लावणाऱ्यांनी लेन्स आधी, काजळ नंतर, आणि तेही पापणीच्या आतल्या कडेला नको. काढताना पुन्हा लेन्स आधी.

डोळा लाल झाला, दुखायला लागला, उजेड सहन होईना किंवा अंधुक दिसायला लागलं, यातलं एकही झालं तर लेन्स लगेच बाहेर. काढल्यावर बरं वाटलं म्हणून पुन्हा घालून बघायची नाही. मेडिकलवाल्याला विचारायचं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे त्याच दिवशी जायचं, आणि "मी लेन्स वापरतो" हे पहिलं वाक्य म्हणायचं. काढलेली लेन्स आणि डबी फेकू नका, सोबत न्या. त्यावरून कधीकधी कुठला जंतू आहे ते कळतं.

आणि हो, चालू नंबरचा चष्मा असू द्या. लेन्स घेतल्यावर लोक चष्मा बदलणं सोडून देतात. चार वर्षांपूर्वीचा, एक दांडी मोडलेला चष्मा कपाटात असतो. मग डोळा दुखत असला तरी बाहेर जायला लेन्सच घालावी लागते, कारण दुसरं काही नसतंच. माझा चष्मा मागच्या महिन्यात नवा केला. हे लिहिताना तोच लावलाय, शनिवारी मी लेन्स घालत नाही.